किमान दोन तपशील

सिर्पा होल्माच्या टेबलावरून तीस वर्षांत तीन-चार हजार माणसं आपापली नावं टाकून पुढे गेली. कोणी वेल्डर होता, कोणी दाई, कोणी बोटीतून आलेला, कोणी ट्रकच्या पोटातून. येताना ती 'मुलाखत १४, पुरुष, ५२' अशी यायची आणि छापून जाताना तशीच जायची. मध्येच एखाद्या लेखकाच्या हातून खरं नाव तळटीपेत सांडलेलं असायचं. ते सिर्पा पुसून काढायची, फरशीवरचं दूध पुसावं तसं, मांजर यायच्या आत.

स्वीडनमध्ये, गोथेनबर्गमधल्या एका विद्यापीठाच्या विटांच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, झेरॉक्स मशिनला लागून त्या त्रैमासिकाच्या दोन खोल्या होत्या. विषय स्थलांतर आणि वांशिक संबंध. सिर्पा तिथली संपादकीय सचिव. लेख आला की त्यावरचं लेखकाचं नाव काढायचं, ऋणनिर्देश कापायचा, 'माझ्या आधीच्या ग्रंथात मी दाखवून दिल्याप्रमाणे' असल्या बढाया सपाट करायच्या आणि तो दोन परीक्षकांकडे धाडायचा. परीक्षकाला लेखक कळता कामा नये, लेखकाला परीक्षक. दोघांनाही कळायचंच, ते सोडा.

पहिला परीक्षक तीन ओळी लिहून मोकळा व्हायचा. दुसरा, मग तो कुठल्याही देशातला असो, एकाच घशातून बोलायचा: 'लेखकाने विषयाला प्रामाणिकपणे हात घातला आहे, याबद्दल दुमत नसावे.' एवढं वाचलं की सिर्पा ओळखायची, आता सुरी निघणार. 'तथापि' आलं की निघालीच.

आणि संपादक तोर्केल वेनर्होल्म. तो उत्तरेतल्या उमिओच्याही वरचा, त्यामुळे तिकडच्या रीतीप्रमाणे 'हो' असं कधी म्हणायचाच नाही. ओठांचा चंबू करून वारा आत ओढायचा, सुप्. एकदा नॉर्वेहून आलेल्या पाहुण्या संशोधकाने त्याला दम्याचा झटका आला समजून खिडकी उघडून दिली होती. 'लेख स्वीकारायचा का तोर्केल?' सुप्. 'दुरुस्त्यांसह?' सुप्. 'मग दुसऱ्या परीक्षकाला कोण सांगणार?' इथे मात्र सुप् नाही, इथे तो खिडकीबाहेर बघायचा.

माणसं नावं टाकून जायची, पण आवाज टाकून जायची नाहीत. हे सिर्पाने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. ट्रामच्या थांब्यावर उभी असताना मागून कोणी तरी म्हणे, 'पहिल्या हिवाळ्यात मला वाटायचं, बर्फाला वास येतो.' वळून पाहावं तर कोणी नाही. १९९६चा दुसरा अंक, पान चाळीस. दुकानात चीज निवडताना कोणी कानाशी पुटपुटे, 'किल्ली मी अजून खिशात ठेवते, दार राहिलं नाही तरी.' पान एकशे बारा. तिला त्यांची भीती वाटत नसे. पुसलेली माणसं आहेत, कुठे तरी उभी राहणारच, असं ती मनाशी म्हणे आणि चीज घेऊन घरी जाई.

भीती एकाच वाक्याची वाटायची. तिच्या नोकरीला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा एका लेखात एका बेकरीत काम करणारी बाई होती. नवऱ्याबद्दल दोन वाक्यं बोलली होती, जास्त नाही. नाव बदललं होतं, सगळं रीतसर. पण त्या छोट्या गावात त्या देशातली, बेकरीतली आणि जुळ्यांची आई अशी बाई एकच होती. अंक निघाल्यावर महिन्याभराने तिचं पत्र आलं. एका ओळीचं. 'आता मी कुठे जाऊ?'

पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता. सिर्पाने त्या दुपारी लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये नवं कलम घातलं, अकरावं: 'नाव बदलणे पुरेसे नाही. प्रत्येक मुलाखतीतले किमान दोन तपशील बदलावेत. काय बदलले, ते लेखकाखेरीज कोणालाही कळू नये, संपादकांनाही नाही.' पुढे इतर नियतकालिकांनीही ते उचललं. तिचं नाव न घालता, अर्थात.

नोव्हेंबरात अझ्रा देलिचचा लेख आला. अझ्रा स्वतः बोस्नियाची, पण तिने दहा वर्षांपूर्वी विद्यार्थिनी असताना साठ-सत्तरच्या दशकात फिनलंडहून कामाला आलेल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. फिनिशही शिकली त्यासाठी. परीक्षकांच्या हातून सुटून लेख परत आला होता, आता सिर्पाने शेवटचा हात फिरवायचा. पान सतरावर 'आउने, ७०' नावाची बाई बोलत होती.

'बहिणीकडे ठेवलं त्याला. दोन वर्षांचा होता. म्हटलं, जूनमध्ये येते, सणाला. कायानीहून बस, मग आगगाडी, मग बोट. इथं बिस्किटांच्या कारखान्यात लागले. जून गेला. पुढचाही गेला. गेले तेव्हा दोन हिवाळे उलटले होते. लाल बूट नेले होते मी. सोडून आले होते त्या मापाचे. मला तेच माप ठाऊक होतं ना. तो बहिणीच्या एप्रनमागे लपला आणि तिलाच विचारतो, आई, ही बाई कोण?'

खाली अझ्राने कंसात लिहिलं होतं: इथे आउने 'लाकडं घेऊन येते' असं म्हणून स्वयंपाकघरात गेली. अकरा मिनिटांनी परतली. या विषयावर पुन्हा बोलली नाही. घराला हीटर आहेत.

सिर्पाने पेन्सिल खाली ठेवली.

तिची आई हिल्का, तीही फिनलंडहून आलेली, जवळच्या बोरोस गावात तिसऱ्या मजल्यावर राहायची. त्या घरात चूल नव्हती, शेकोटी नव्हती, लाकूड म्हणावं तर दोन पळ्या आणि एक लाटणं. पण नको तो प्रश्न आला की हिल्का उठायची. माझे बाबा कोण होते? 'लाकडं घेऊन येते.' बाईंनी शाळेत तुला का बोलावलंय? 'लाकडं घेऊन येते.' डॉक्टर काय म्हणाले, आई? स्वयंपाकघरात जाऊन ती सिंकपाशी पाठमोरी उभी राहायची आणि थोड्या वेळाने रिकाम्या हाताने परत यायची. सिर्पाने लहानपणी पाहुण्यांसमोर याची नक्कल केली की बायका पोट धरून हसायच्या. हिल्काही हसायची. जाऊन सात वर्षं झाली होती तिला.

जगात असं म्हणणारी दुसरी बाई असणं शक्य नव्हतं. आता सिर्पा मोजायला बसली. हिल्का कायानीची नव्हे, त्याच्या किती तरी वर, कुसामोकडची. एक. बिस्किटांच्या कारखान्यात ती कधी गेली नाही, बोरोसच्या कापडगिरणीत मागावर होती, म्हातारपणी कान गेले ते त्यामुळेच. दोन. किमान दोन तपशील. झाले. मग उरलेलं सगळं खरं.

म्हणजे मला भाऊ आहे.

हिल्का नेहमी सांगायची, सत्तर साली आपण दोघी बोटीने आलो, तू चार वर्षांची, सगळा समुद्र माझ्या मांडीवर ओकलीस. आता सिर्पाला त्या बोटीच्या मागे, धक्क्यावर, आणखी एक मूल दिसायला लागलं. एकाला घेतलं, एकाला ठेवलं. घेतलं ते मला. मग तिला आठवलं, ती सहा वर्षांची असताना आई एक आठवडा कुठे तरी गेली होती आणि ती शेजारच्या बाईंकडे राहून रोज पॅनकेक खात होती. तीच ती वेळ असणार. आई लाल बूट घेऊन गेली आणि आपण जॅम लावून पॅनकेक खात होतो. आठवण बेरकी असते, बसायला जागा दिली की पाय पसरते.

तीनच्या कॉफीला तोर्केल लेख घेऊन आला. बाहेर दिवस मावळत आला होता.

"चारशे बारा शब्द जास्त आहेत," तो म्हणाला. "आणि पान सतरावरचा हा उतारा, आजूबाजूच्या चर्चेसकट, बरोब्बर चारशे बारा. देवानेच जुळवून दिलंय."

"तू देव मानत नाहीस."

"शब्दमर्यादा मानतो." त्याने बनचा तुकडा मोडला. "दुसरा परीक्षकही तेच म्हणतोय बघ. 'उतारा हृदयस्पर्शी आहे, याबद्दल दुमत नसावे. तथापि तो कोणते काम करतो, हे स्पष्ट होत नाही.'"

"कोणतं काम करतो म्हणजे? ती काय नोकरीला आहे लेखात?"

तोर्केलने तिच्याकडे पाहिलं. सिर्पा परीक्षकांच्या वाटेला कधी जात नसे.

"मी दुसरीकडून कापते," ती म्हणाली.

"कुठून?"

"सिद्धांतातून."

"सिद्धांतातून? तिथे मी आहे."

"तू तीनदा आहेस, तोर्केल. एकदा राहशील."

"गुरुवारी छपाईला जायचंय," तो म्हणाला. "गुरुवारी चारशे बारा कमी दिसले नाहीत तर ही बाई जाईल. हं?"

"सुप्," सिर्पा म्हणाली. त्याला हसू आलं आणि तो गेला.

पुढचे दोन दिवस तिला गावभर भाऊ दिसत होता. छप्पन्नच्या आसपासचा कोणीही. ट्राममध्ये टोपी काढून डोकं खाजवणारा. भाजीच्या दुकानात बटाटे दाबून बघणारा, हिल्कासारखी पुढे आलेली हनुवटी. इतकी वर्षं जे आवाज मागून यायचे ते एकदम बंद झाले. थांब्यावर मागे कोणी तरी उभं असायचं आणि काहीच बोलायचं नाही. हे जास्त वाईट होतं. वेल्डर आणि दाया बऱ्या होत्या, त्यांना काही सांगायचं तरी होतं.

मंगळवारी तिने अझ्राला फोन केला. कामाचाच प्रश्न, कुठल्याही लेखकाला विचारावा असा.

"सिर्पा. सांग, किती स्वल्पविराम चुकलेत?"

"पान सतरा. अकराव्या कलमाप्रमाणे तपशील बदललेत ना?"

"बदललेत की. तीन."

"तीन?" सिर्पा म्हणाली.

"किमान दोन असं तूच लिहिलंयस बाई. मी पडले भित्री, मी तीन करते. का गं, कोणी ओळखलं का तिला?"

"नाही. फॉर्ममध्ये भरायचं असतं."

"असा फॉर्म कधीपासून आला? बरं. यादी माझ्या कपाटात आहे, कुलपात. बघून सांगू का, कोणते तीन ते?" अझ्राचा आवाज खाली आला. "तुला नियमाने विचारता येत नाही, माहितीये मला. पण तुझा आवाज कसा तरी येतोय."

टेबलाच्या कडेवर सिर्पाचा हात होता, तो तिने मांडीवर घेतला. फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण अझ्रा पुढे म्हणाली, "चांगली होती गं ती. तीन वेळा कॉफी पाजली. सही करताना एवढंच म्हणाली, छाप, सगळं छाप, फक्त घरच्या माणसाला कळता कामा नये. मी शब्द दिलाय तिला."

"नको सांगूस," सिर्पा म्हणाली.

तीन. कायानी, बिस्किटं आणि आणखी एक. बहीण नसेल, शेजारीण असेल. जून नसेल, नाताळ असेल. की भाऊच नाही? पण तो नसता, तर हिल्का सिंकपाशी का गेली असती? मग सिर्पाला सुचलं, की आपण स्वतः कोणालाच शब्द दिलेला नाही. शब्द अझ्राने दिला होता, हिल्काला. सिर्पा फक्त पुसणारी. हा विचार तिने दोनदा करून पाहिला आणि दोन्ही वेळा तो चोरासारखा वाटला. तरी बुधवारी दुपारी तिने कुसामोला फोन लावला.

साइमीमावशी ब्याण्णव वर्षांची. ती फोनवर बोलायची कमी, वाट जास्त पाहायची. मागे रेडिओवर हवामान चालू असायचं, आणि तिकडे तापमान सांगून झाल्याशिवाय मावशी कोणालाही उत्तर देत नसे.

"मावशी, मी सिर्पा."

"उणे अकरा," मावशी म्हणाली. "बोल."

"आईने तुझ्याकडे मुलगा ठेवला होता ना? इथे आली तेव्हा?"

रेडिओ बंद झाल्याचं ऐकू आलं. मग खुर्ची ओढल्याचं.

"कोण म्हणालं?"

"आईच म्हणाली."

"हिल्का? तुला?"

"दुसऱ्या कोणाला तरी. मी वाचलं. दोन वर्षांचा होता, दोन हिवाळ्यांनी ती लाल बूट घेऊन आली आणि तो तुझ्या एप्रनमागे लपला. तो कुठे आहे, मावशी? आहे ना अजून?"



"मुलगा नव्हता," मावशी म्हणाली. "या घरात मुलगा कधीच नव्हता पोरी. बूट होते. लालच होते. तुझे होते."

झेरॉक्स मशिनवर कोणी तरी शंभर पानं काढत होतं. भिंतीतून तो आवाज येत राहिला.

"पण आम्ही बरोबर आलो. सत्तरला. बोटीने."

"सत्तरला न्यायला आली ती. गेली होती अडुसष्टला. तू दोन वर्षं माझ्याजवळ. ओकलीस बोटीत, ते खरंय. तिने पत्रात लिहिलं होतं."

"मग मी लपले."

"तू कशाला लपशील? तू पळत गेलीस. कुत्रा, पोस्टमन, कोणीही आलं की पळत जायचीस तू. तशीच तिच्याकडे गेलीस. हिल्काच मागे सरली. दारात हात वर करून उभी, असे, पिठाचे हात असल्यासारखे. तुझा फ्रॉक खराब होईल जसा काही." मावशीने दम घेतला. "लपली म्हणाली का ती?"

"हो."

"आणि 'ही बाई कोण' असं?"

"हो. 'आई, ही बाई कोण' असं."

"हं." पुन्हा खुर्ची. "त्यातलं 'आई' खरंय. दोन वर्षं तू मला आई म्हणायचीस. ती आली त्या दिवशी मी तुला मागच्या खोलीत नेलं आणि शिकवलं, मावशी म्हण. अर्ध्या दिवसात शिकलीस. हुशार होतीस."

अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात सिर्पाने पहिल्यांदाच 'मावशी' म्हणायचं टाळलं. "मग तिने असं का सांगितलं?"

"मला काय विचारतेस? मी खिडकीतून बघत होते. ती दारात होती. ज्याने त्याने आपल्या जागेवरून बघितलं." थोड्या वेळाने म्हणाली, "तिला लपलेलंच बरं वाटलं असेल. लपलेल्या पोराला उचलता आलं नाही, असं सांगता येतं. ते छापणार का तुम्ही?"

"छापायचंय. मी ठरवायचंय."

"माझं नाव आहे का त्यात?"

"नाही. कोणाचंच नाही."

"मग मला काय करायचंय," मावशी म्हणाली, आणि रेडिओ परत लागला. पण फोन तिने ठेवला नाही. दोघी उत्तरेकडचं पूर्ण हवामान ऐकत बसल्या, पार वरच्या सोदान्क्युला गावापर्यंत.

नंतर सिर्पा पान सतरा पुढ्यात घेऊन बसली. त्रैमासिकात शुद्धिपत्र छापायची सोय होती. तक्त्यातला आकडा चुकला, नगरपालिकेचं नाव चुकलं, तर पुढच्या अंकात चौकट येई. 'त्याने' च्या जागी 'तिने' वाचावे, 'लपला' च्या जागी 'धावली' वाचावे, अशी चौकट तिने मनात दोनदा लिहिली. सही कोणाची करणार? आणि खरं कोण होतं? एकीने दारातून पाहिलं, एकीने खिडकीतून. तिसरी तिथे होती, तिला काहीच आठवत नव्हतं. एप्रनचा कपडा नाही, बूट नाही. डोळे मिटून तिने मावशीचं अंगण शोधलं तर तिला तिथे अझ्राचं वाक्य सापडलं, तळटीप क्रमांकासकट. भाऊ मात्र गेला होता. दोन दिवसांत तिला त्याची सवय लागली होती. तो गेल्यावर थांब्यावरची ती गप्प उभी राहणारी जागा रिकामी व्हायला हवी होती. तिथे आता एक चार वर्षांची पोर उभी होती, घट्ट बूट घालून, आणि ती कोणाला काय हाक मारावी याचा विचार करत होती.

सिर्पाने सिद्धांताच्या भागातून तोर्केलची दोन अवतरणं काढली, एक लांबलचक फ्रेंच वाद काढला, आणि निष्कर्षातून तेच तेच सांगणारा परिच्छेद. चारशे चौदा. उताऱ्याला हात लावला नाही. मुलगा मुलगाच ठेवला, तोच तर अझ्राचा तिसरा तपशील. हिल्काला शब्द दिला होता कोणी तरी. घरच्या माणसाला कळता कामा नये. कागदावर तरी ते पाळता येत होतं.

गुरुवारी सकाळी शेवटचं प्रूफ दोघांनी मिळून वाचायचं, ही तोर्केलची पद्धत. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पेन्सिल घेऊन ओळीवरून जायचं. डोळ्याला न दिसणारी चूक कानाला दिसते, असं त्याचं म्हणणं. बाकी सगळी नियतकालिकं मशिनवर सोडून देतात. वाचायची पाळी तोर्केलची होती.

सिद्धांतापाशी तो थांबला. "खरंच एकदाच ठेवलंस मला."

"वाच."

तो वाचत गेला. उमिओकडचा सपाट आवाज, चढ नाही, उतार नाही, जुन्या लाकडी जिन्यावरचं पाऊल असावं तसा. पान सतरा आलं. बहिणीकडे ठेवलं त्याला. दोन वर्षांचा होता. कायानीहून बस. तो स्वल्पविरामाला थांबत होता आणि पूर्णविरामाला श्वास आत घेत होता, सुप्, जणू प्रत्येक वाक्याला हो म्हणत होता. लाल बूट नेले होते मी. सुप्. मला तेच माप ठाऊक होतं ना. सुप्. सिर्पाची पेन्सिल ओळीखालून सरकत राहिली. आई, ही बाई कोण?

तोर्केलने चष्म्यावरून पाहिलं. पेन्सिल प्रश्नचिन्हापाशी थांबली होती.

"बदल आहे काही?"

सिर्पाने त्या ओळीकडे पाहिलं. मग पेन्सिल पुढे नेली.

"नाही. पुढे वाच."

"तक्ता चार," तोर्केल म्हणाला. "रोजगार, लिंगानुसार, टक्केवारीत."